एमपर्यंतचं इंग्रजी

बाबा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायचा धीर होतो आहे. तुम्ही असता तर पत्र कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि आपल्या घरात वाचणारी मी एकटीच. मीच लिहिलेलं मीच मोठ्याने वाचायचं आणि तुम्ही भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचं, हे माझ्याने झालं नसतं. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. या सात वर्षांत मी तुमच्याशी मनात पुष्कळ बोलले, पण प्रत्येक वेळी त्या रविवारापाशी आले की बोलणं दुसरीकडे वळवत गेले. आज वळवणार नाही.

शब्दकोश तुम्ही आणलात तो दिवस मला स्पष्ट दिसतो. मी घाटकोपरच्या कॉलेजात जायला लागून आठवडाच झाला होता. म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेतून आलेली मी. वर्गात बाई इंग्रजीत अर्थशास्त्र शिकवत, मुली माना हलवत, आणि मीही हलवत असे. एक दिवस घरी येऊन मोरीत तोंड धुताना रडू फुटलं. तुम्ही कामावरून आला होता. ते तुम्ही पाहिलंत. दुसऱ्या दिवशी साकीनाक्यावरच्या रद्दीवाल्याकडून गोणपाटात गुंडाळलेलं एक ओझं घेऊन चढ चढून आलात आणि माझ्यासमोर ठेवलंत. जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश. पुठ्ठा निघालेला, आत कुठल्याशा शाळेचा जांभळा शिक्का. तुम्ही तो दोन्ही हातांवर तोलून पाहिलात. "ह्यात सगळा इंग्लिश असा मा?" मी म्हटलं, हो, बहुतेक सगळं. "मगे पयल्या पानापासून सुरू कर. रोजचे धा."

मी सांगून पाहिलं की इंग्रजी असं शिकत नाहीत, वाक्यं वाचतात, लागेल तो शब्द तेवढा बघतात. तुम्ही हसलात. शेत नांगरायचं ते एका बांधापासून, म्हणालात, मध्येच जाऊन चार फाळ मारले तर ते नांगरणं नव्हे. तुम्ही शाळेची पायरी चढला नव्हता, पण शिकण्याबद्दल तुम्हाला खात्री होती, आणि मला कशाचीच नव्हती. म्हणून मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. सोपे शब्द सोडायचे आणि कठीण दिसतील ते दहा वहीत उतरवायचे. अबँडन, ॲबडिकेट, ॲबॉमिनेबल. कॉलेजात एकदाही न ऐकलेले शब्द मला पाठ होत गेले, आणि रोज ऐकलेल्यांची पाळी यायला अजून महिने होते.

संध्याकाळी तुम्ही आंघोळ करून बसायचात आणि वही मांडीवर घ्यायचात. कुठल्याही ओळीवर बोट ठेवायचं, मी तो शब्द वाचायचा आणि अर्थ सांगायचा. तुम्हाला ना शब्द वाचता येई ना अर्थ, तरी मी ठोकून दिलेलं तुम्ही दर वेळी पकडायचात. "नजर हलली. परत सांग." मी एकदा विचारलंच, तुम्हाला कसं कळतं. तुम्ही म्हणालात, प्रेसखाली पत्रा नीट बसला की नाही ते मी बघत नाही, आवाजावरून कळतं. तसंच आहे हे. आई भात ढवळता ढवळता म्हणायची, "झाला काय बापलेकीचा ॲबॉमिनेबल? पानां घेतंय मी." तुम्हालाही दोनचार शब्द आवडले होते. 'ॲबसर्ड' तुम्ही कारखान्यात नेलात आणि फोरमनला ऐकवलात. तो म्हणे दिवसभर विचारत फिरत होता, शिवी आहे का. ते सांगताना तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. तेवढ्या एका संध्याकाळपुरती मी निर्धास्त होते, असं आज वाटतं.

मग ते 'स्कार्सिटी'चं झालं. बाईंनी वर्गात तो शब्द इतक्यांदा उच्चारला की मला राहवलं नाही. मी घरी येऊन एसची पानं उघडली, अर्थ पाहिला आणि खूण म्हणून तिथे बसचं तिकीट ठेवून विसरले. तुम्हाला ते सापडलं. अक्षर वाचता येत नसलं तरी आपण अजून पुस्तकाच्या पहिल्या पावभागात आहोत आणि तिकीट पार पलीकडे आहे, एवढं तुम्हाला दिसत होतंच. तुम्ही ओरडला नाहीत. "पुढे उडी मारूची नाय म्हणान सांगलंय ना?" एवढंच. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून दाभण आणि जाड दोरा आणलात, माल भरलेल्या गोणी शिवायचा. मी न वाचलेली सगळी पानं तुम्ही कडेने, जुडी जुडी करून, शिवून टाकलीत. दर रविवारी पुढची एक जुडी उसवायची. चाळीतल्या बायका बघायला आल्या. पुस्तकाला टाके घातलेले कुणी पाहिले नव्हते. मला लाज वाटली आणि त्याच वेळी असंही वाटलं की माझ्यासाठी इतकं नेटाने काही कुणी कधी केलं नाही. दोन्ही खरं होतं.

वर्षभराने आपण एमपर्यंत आलो होतो. आपण म्हणजे तुम्ही आणि मी. तेव्हाच तुमच्या मालकाने तो कागद दिला.

कारखाना मुंबईबाहेर हलवायचा आहे, नव्या जागी आधी तुम्हालाच घेऊ, फक्त या कागदावर सगळ्यांच्या सह्या हव्यात, सोमवारी सकाळी आणून द्या. असं मालक तोंडी म्हणाला. कागद इंग्रजीत होता. तुम्ही नऊजण. त्यांतल्या कुणालाच इंग्रजी येत नव्हतं, तुम्ही धरून पाचजणांना मराठीही वाचता येत नव्हतं. तुम्ही म्हणालात, काळजी कशाला, घरात पोरगी आहे.

रविवारी दुपारी ते आठजण आपल्या खोलीत आले आणि भिंतीला लागून मांडी घालून बसले. सगळे धुतलेले सदरे घालून आले होते, हे मला अजून आठवतं. दारात बायका उभ्या. आईने काळा चहा केला. तुमचे गाववाले काका, तुमच्या शेजारच्याच प्रेसवर काम करायचे ते, म्हणाले, "बॅरिस्टर बाय, वाच गो. आमच्या नशिबात काय लिवलाहा ता बघ." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही माझ्याकडे बघत होता, आणि तुमचा चेहरा असा होता की तो मला आजही बघवत नाही.

कागद टाइप केलेला, दोन पानी, प्रत्येक पानाखाली मालकाची सही. मी उभी राहून एक एक ओळ वाचली आणि मराठीत सांगत गेले. आणि बाबा, मला येत होतं! बेनेव्होलंट आलं, मी म्हटलं परोपकारी. कॉर्डियल, सलोख्याचं. हार्डशिप, हालअपेष्टा. लीनियंट, सौम्य, दयाळू. मालक परोपकारी आहे, कामगारांशी त्याचे सलोख्याचे संबंध आहेत, हालअपेष्टा होऊ नयेत म्हणून तो दयाळूपणे काही रक्कम देतो आहे. मी प्रत्येक शब्दाचे दोन दोन अर्थ देत होते, एक लागला असता तिथे. "काय बोलता बघ पोरगी," कुणीतरी म्हणालं. मालकाचं कौतुक करणारे सगळे शब्द एमच्या अलीकडचे निघाले. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही. मी फुलून गेले होते.

दुसऱ्या पानावर, मधोमध, 'रिलिंक्विश' आला. खाली सह्या करणारे कामगार आपले नोकरीवरचे आणि पुन्हा कामावर घेतलं जाण्याचे सर्व हक्क रिलिंक्विश करत आहेत. बाकीचं सगळं मला कळलं. तो एक शब्द कळला नाही. शब्दकोश फळीवर, माझ्या डोक्याच्या उंचीवर होता. हात वर केला की येणारा. पण आरची पानं शिवलेली होती. ती उसवायची म्हणजे सुरी आणायची, टाके कापायचे, आणि नऊ माणसांना आणि दारातल्या बायकांना दाखवायचं की बॅरिस्टर बायला येत नाही.

"म्हणजे काय गो?" गाववाले काका म्हणाले.

मी म्हटलं, "म्हणजे शाबूत ठेवून. मागचे सगळे हक्क शाबूत ठेवून तुम्ही सही करताय."

मला माहीत नाही ते कुठून आलं. वाक्य चांगलं वाटावं म्हणून आलं असेल. मालक दयाळू आहे असं मीच दहा मिनिटं सांगत होते, मग पुढे चांगलंच असणार. काकांनी मांडीवर थाप मारली. "सांगलंय ना मी तुमका? मालक वायट नाय!" मी तुमच्याकडे पाहिलं नाही. तुम्ही कागद माझ्या हातातून घेतलात. मग पेन मागितलंत आणि सगळ्यांत आधी सही केलीत, मी तिसरीत असताना तुम्हाला शिकवलेली, शेवटच्या अक्षराचा काना तिरपा जाणारी. तुमची बघून बाकीच्यांनी केल्या. चौघांनी अंगठे उठवले. आईने बोटं पुसायला ओलं फडकं दिलं.

ते गेले. तुम्ही काकांना उतारापर्यंत पोचवायला गेलात. आई कपबश्या घेऊन नळावर गेली. मी सुरी घेतली आणि आरची जुडी उसवली. सोडून देणे, त्यागणे, हक्क सोडणे. पहिल्या दिवशी शिकलेल्या अबँडनपाशीही जवळजवळ हेच लिहिलेलं होतं. सगळ्यांत आधी पाठ केलेला तो अर्थ माझ्याकडे वर्षभर होता.

कागद अजून आपल्याच घरात होता, बाबा. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. फळीवर देवाच्या तसबिरीमागे, घडी घालून. माणसं उतारावर होती. हाक मारली असती तर परत आली असती. सोमवार सकाळपर्यंत कधीही मी म्हणू शकत होते की मी चुकले. मी पुस्तक मिटून जागेवर ठेवलं आणि तांदूळ निवडायला बसले. मनाला समजावलं की मालकाने तोंडी शब्द दिलाय, तोंडी शब्दालाही किंमत असते. समजावलं की उद्या सकाळी सांगेन. तुम्ही परत आलात, आंघोळ केलीत, आणि रोजच्यासारखे बसलात. वहीऐवजी शब्दकोश हातात घेतलात, कारण रविवार होता, नवी जुडी उसवायचा दिवस. तुम्ही तो चाळलात. कापलेल्या दोऱ्याची टोकं लोंबत होती. तुम्ही त्यांवरून अंगठा फिरवलात. मग म्हणालात, "आज शब्द रवांदेत गो." वर्षभरात पहिल्यांदा.

सकाळी मी उठले तेव्हा तुम्ही कामाचे कपडे घालून चहा पीत होता. कागद खिशात होता. शब्दकोश फळीवर होता, आणि आरची पानं पुन्हा शिवलेली होती. नवे टाके, जवळ जवळ घातलेले. मी ते बघत उभी राहिले. तुम्ही बशी खाली ठेवलीत, चपला घातल्यात आणि गेलात. मी दारापर्यंत आले होते. तोंड उघडलंही होतं. चढावरून खाली जाणारी तुमची पाठ दिसत होती.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पाचव्या आठवड्यात मशिनं ट्रकवर चढली आणि नऊंपैकी एकालाही कुणी बरोबर नेलं नाही. कामगार कचेरीतल्या माणसाने कागद बघून सांगितलं की तुम्हीच सगळं लिहून दिलंय, आता इथे कशाला आलात. त्या संध्याकाळी चाळीत सगळे जमले होते आणि मी आत, मोरीच्या आडोशाला, माझं नाव निघायची वाट बघत होते. तुमचा आवाज आला. "पोरीन बरोबर वाचलान. मालकान मागसून कागद बदलल्यान." तुम्ही खोटं बोललात. मी आतून ते ऐकलं आणि मला हायसं वाटलं. हो, हायसं. मालकाला मग सगळ्यांनी शिव्या दिल्या, आणि त्यांत मीही मनातल्या मनात एक दिली. नऊ वर्षं आपल्या चाळीत हीच गोष्ट सांगतात. कागद बदलला.

तुम्ही गोरेगावला स्टुडिओच्या गेटवर रखवालदार झालात. मी कॉलेज सोडून टायपिंगला गेले. शब्द आपण पुन्हा घेतले नाहीत. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, त्या वर्षी गिरण्या बंद होत्या आणि तुमच्या गेटवर रोज माणसं काम मागायला उभी असत, असं तुम्ही सांगायचात. तोवर मी स्वतःशी वाद घालत राहिले. तुम्हाला नक्की काय कळलं होतं? मी नियम मोडून पुढे पाहिलं, एवढंच? त्याच रागाने तुम्ही पानं शिवलीत? मला ते फार हवं होतं, की तुम्हाला काही कळलं नव्हतं आणि पाप माझं एकटीचं होतं.

तुमच्या बाराव्याला गाववाले काका आले होते. जेवून उठले, हात धुतले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या बापाशीन माका सांगल्यान, हॉस्पिटलात आसताना. पोरीची नजर हलली तेवाच माका कळला, असा तो म्हणालो. सकाळी कागद फाडूचो, असा रातभर मनात होता त्येच्या. पण फाडलो तर कारण सांगूचा लागला असता." मी काकांना विचारलं, मग तुम्ही कुणाला सांगितलंत? "मी कोणाक सांगूक नाय. सांगूचय नाय. मेलेल्या माणसाचो शब्द." मग बराच वेळ ते रुमालाने हात पुसत राहिले, कोरडे झाल्यावरही. "माझ्या चेडवाची शाळा सुटली गो. हुशार होता. आता घराघरात भांडी घासता." मुलीबद्दल एवढं बोलून ते चपला शोधायला लागले.

तुम्ही माझी लाज राखलीत, बाबा. ती आठ घरांच्या जिवावर राखलीत. लोक म्हणतात बापाचं प्रेम, पण मला त्या प्रेमाचं काय करावं ते कळत नाही. रागही येतो तुमचा. तुम्ही एकदा सगळ्यांसमोर "नजर हलली, परत सांग" म्हणाला असता, तर मी मेले असते लाजेने, आणि बाकी सगळं नीट राहिलं असतं. रोज दहा शब्दांना तुम्ही ते म्हणायचात. त्या एकाच वेळी म्हणाला नाहीत. आणि हा राग करायचा मला हक्क नाही हेही कळतं, कारण कागद फळीवर असताना मी तांदूळ निवडत होते.

आता मी अंधेरीला एका ऑफिसात आहे. साहेब कारखानदारांना कामगारांच्या बाबतीत सल्ला देतात. मी त्यांची पत्रं टाइप करते. इंग्रजी आता मला चांगलं येतं, झेडपर्यंत. एकही शब्द अडत नाही. साहेब म्हणतात, तुझा मसुदा परत वाचावा लागत नाही.

आज दुपारी मी एक पत्र टाइप केलं. साकीनाक्यालाच एक कारखाना, तो हलतो आहे. शब्द थोडे वेगळे, अर्थ तोच. सतरा कामगारांच्या सह्यांसाठी खाली जागा सोडायची होती. मी सतरा रेघा मारल्या. कागद देताना मी विचारलं, "साहेब, सोबत मराठी प्रत जोडायची का? मी करून देते, अर्ध्या तासात होईल."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मराठी प्रत? मागितलीय कुणी?"

"नाही. पण त्यांना वाचता येणार नाही."

"अगं, त्यांच्यात असतो ना कोणीतरी वाचणारा." ते हसले, माणूस वाईट नाही. "प्रत्येक चाळीत एक असतो. तू नको टेन्शन घेऊ."

मी पाकीट चिकटवलं. उद्या सकाळी सातला तो कागद गेटवर वाटणार आहेत. गेट आपल्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. मी जाऊन उभी राहिले, एका माणसाला गाठून हक्क सोडण्याचं ते एक वाक्य समजावलं, तरी पुरे आहे. कळलं तर नोकरी जाईल, आणि आईला आता मीच आहे, हे एक कारण. ते मी कुणालाही सांगू शकते. दुसरं असं की माणसांच्या मधोमध उभं राहून कागद वाचायची मला भीती वाटते. सगळं येत असूनही. त्यांनी मला विचारलं, तुला कसं माहीत गं, तर काय सांगू?

हे पत्र पाकिटात घालणार नाही, वर कुणाचं नाव लिहिणार नाही. आईने मघाशी विचारलं, उद्या डबा लवकर लागेल का. मी म्हटलं, नाही, रोजच्याच वेळेला.